मोझेस बोलतो, आरोन गातो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आज ज्या संगीतकाराबद्दल मी बोलणार आहे, त्याचं संगीत तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. आणि ज्यांनी ऐकलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते पाच मिनिटांत बंद केलं असेल. यात तुमचा काही दोष नाही. युरोपातली माणसंही गेली शंभर वर्षं तेच करत आली आहेत. आर्नोल्ड शोनबर्ग हे त्याचं नाव. १३ सप्टेंबर १८७४ रोजी तो व्हिएन्नात जन्मला आणि १३ जुलै १९५१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसला वारला. तेराच्या आकड्याची त्याला भारी धास्ती होती आणि शेवटी गेला तोही तेरा तारखेला, शुक्रवारी. मोठी माणसंही अशा बाबतीत आपल्यासारखीच असतात, याचं मला बरं वाटतं.

मी काही संगीतातला जाणकार नाही. मी बी. ए. झालेला आणि मराठीत कविता लिहिणारा माणूस. शोनबर्गकडे मी संगीताच्या वाटेनं गेलोच नाही. गेलो तो हजरत मूसांच्या वाटेनं. मराठी बायबलमध्ये ज्यांना मोशे म्हणतात, कुराणात जे मूसा आणि युरोपातल्या भाषांत जे मोझेस, त्यांच्यावर या माणसानं एक ऑपेरा रचायला घेतला आणि तो पुरा झाला नाही. का झाला नाही, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्याचं उत्तर शोधताना वाटेत दुसराच एक प्रश्न आडवा येतो, तो असा : ज्या भाषेत माणूस जन्मभर काम करतो, ती भाषा त्याची आहे की नाही, हे ठरवायचं कुणी?

हा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण शोनबर्गच्या जन्माच्या चोवीस वर्षं आधीच तो विचारला गेला होता. रिचर्ड वॅग्नर हे जर्मन संगीतातलं फार मोठं नाव. या वॅग्नरनं १८५० साली टोपणनावानं एक लेख लिहिला. विषय होता संगीतातले यहुदी. पुढं १८६९ मध्ये त्यानं तो स्वतःच्या नावानं पुन्हा छापला, म्हणजे तरुणपणीचा उतावळेपणा म्हणून सोडून द्यावा असंही नाही. त्यातला मुख्य मुद्दा भाषेचा आहे. यहुदी माणूस ज्या देशात राहतो तिथली भाषा बोलतो, पण ती परक्यासारखी बोलतो. ती त्याच्या हाडीमासी रुजलेली नसते. आणि ज्याची भाषाच उसनी, त्याचं गाणं अस्सल कुठून असणार? तो फार तर नक्कल करेल, असं वॅग्नरचं म्हणणं. ज्यांच्यावर त्याचा रोख होता त्यांतला मेंडेलसोन तर लहानपणीच ख्रिस्ती झालेला होता आणि लेख आला तेव्हा तो हयातही नव्हता.

श्रोतेहो, हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला नाही, हसू आलं. कारण त्याची सौम्य, सभ्य आवृत्ती मी कितीदा तरी ऐकली आहे. कविसंमेलन संपतं, चहा सुरू होतो आणि कुणीतरी प्रेमानं खांद्यावर हात ठेवून म्हणतं, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो! घरी काय बोलता?’ या माणसाच्या मनात काही वाईट नसतं. पण शेजारी उभ्या असलेल्या जोशींना किंवा पाटलांना तो हा प्रश्न विचारत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी चारशे वर्षांपूर्वी ‘योगसंग्राम’ लिहिला, तरी चौकशी अजून चालूच आहे. असो. माझ्या बाबतीत प्रकरण चहापाशी संपतं. शोनबर्गच्या बाबतीत ते संपलं नाही.

त्याचे वडील पादत्राणांचा व्यापार करत. आईचं माहेर प्रागचं. त्या घराण्यात सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे लोक होऊन गेले होते. शोनबर्ग पंधरा वर्षांचा असताना वडील वारले. पोरगा बँकेत नोकरीला लागला. संगीत तो बरंचसं स्वतःच शिकला. झेम्लिन्स्की या मित्रानं थोडंफार शिकवलं तेवढंच. आणि हा मुलगा वेडा होता तो कुणासाठी, तर वॅग्नरसाठी! वॅग्नरचे ऑपेरा त्यानं पुन्हापुन्हा ऐकले. १८९९ साली पंचविसाव्या वर्षी त्यानं सहा तंतुवाद्यांसाठी ‘रूपांतरित रात्र’ या अर्थाच्या नावाची रचना केली. आजही त्याचं सगळ्यात जास्त वाजवलं जाणारं काम तेच. त्यातून वॅग्नर सारखा डोकावत असतो. ज्यानं दार लावून घेतलं, त्याच्याच घरात हा राहायला गेला होता.

त्या काळच्या व्हिएन्नात यहुदी कलावंतानं बाप्तिस्मा घेणं ही नवलाची गोष्ट नव्हती. गुस्ताव मालर हा शोनबर्गचा ज्येष्ठ समकालीन. २३ फेब्रुवारी १८९७ रोजी तो कॅथलिक झाला आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा प्रमुख. हा हिशेब सरळ होता : यहुदी राहून ती खुर्ची मिळण्यासारखी नव्हती. त्याच वर्षी उघडपणे यहुदीद्वेषाचं राजकारण करणारा कार्ल ल्युगर शहराचा महापौर झाला. शोनबर्गनं मार्च १८९८ मध्ये धर्म बदलला, पण तो झाला प्रॉटेस्टंट. कॅथलिक शहरात प्रॉटेस्टंट होऊन पदरात काय पडणार? म्हणून यामागे निव्वळ व्यवहार होता असं मला वाटत नाही. त्या वयात तो जर्मन बायबलच्या भाषेत आणि बाखच्या संगीतात राहत होता, त्याला आपला पत्ता तोच वाटत असावा.

हा पत्ता खोटा ठरवला गेला तो १९२१ च्या उन्हाळ्यात. साल्झबर्गजवळ माट्झे नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. शोनबर्ग कुटुंबाला आणि शिष्यांना घेऊन तिथं सुट्टीला गेला होता. गावच्या कारभाऱ्यांनी फर्मान काढलं की यहुद्यांनी गाव सोडावं. शोनबर्गला सांगण्यात आलं, तुम्ही यहुदी नसाल तर कागद दाखवा. कागद त्याच्याकडे होता. तेवीस वर्षांपूर्वीचा बाप्तिस्म्याचा. त्यानं गाव सोडलं आणि ट्राउनकिर्खन नावाच्या दुसऱ्या गावी जाऊन काम पुढं चालू केलं.

त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट त्याच्या एका शिष्यानं नोंदवून ठेवली आहे. मला असा शोध लागला आहे, शोनबर्ग त्याला म्हणाला, की त्यामुळं जर्मन संगीताचं श्रेष्ठत्व पुढची शंभर वर्षं अबाधित राहील. बघा हं. जर्मनांच्या गावातून बाहेर काढलेला माणूस जर्मन संगीताच्या पुढच्या शतकाची काळजी वाहतो आहे. यात विनोद आहे, पण मला हसू येत नाही.

हा शोध काय होता, हे आपल्या भाषेत सांगतो. सप्तकात सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र असे बारा स्वर असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यांत षड्ज म्हणजे घर. गायक कुठंही फिरून आला तरी ‘सा’वर येऊन टेकतो आणि आपला जीव खाली पडतो. पाश्चात्त्य संगीताची व्यवस्था वेगळी, पण घर त्यांच्याकडेही होतं. शोनबर्गनं १९०८ च्या सुमारास हे घर सोडलं. नंतर काही वर्षं तो त्या मोकळ्या रानात चाचपडत होता. मग त्याला सापडलं ते असं : बारा स्वर एका विशिष्ट क्रमानं लावायचे, प्रत्येक स्वर एकदाच. ही झाली ओळ. तीच ओळ उलटी वाचायची, आरशात पाहिल्यासारखी फिरवायची, ते फिरवलेलंही उलटं वाचायचं, आणि कुठल्याही स्वरापासून सुरू करायची. या एका ओळीतून सबंध रचना उभी करायची. कुठलाच स्वर राजा नाही आणि कुठलाच वर्ज्य नाही. तानपुरा बाजूला ठेवलेला आहे अशी कल्पना करा. ऐकणाऱ्याला टेकायला जागा उरत नाही, म्हणूनच तर आपण पाच मिनिटांत बंद करतो.

आता इथं एक मोह होतो, आणि भल्या भल्या अभ्यासकांना तो झालेला आहे. घर नसलेलं संगीत म्हणजे घर नसलेल्या लोकांचं संगीत, म्हणजे यहुदी संगीत. ऐकायला छान वाटतं. पण हीच पद्धत वेबर्न आणि बेर्ग या त्याच्या दोन शिष्यांनी उचलली, ते दोघेही कॅथलिक घरांतले. आणि या संगीताला यहुदी संगीत असं नाव हौसेनं कुणी दिलं असेल, तर नाझींनी. १९३८ साली ड्युसेलडॉर्फला त्यांनी ‘ऱ्हास पावलेल्या संगीता’चं प्रदर्शन मांडलं होतं, त्यात शोनबर्ग होताच. तेव्हा आपण कौतुकानं का होईना, तीच चिठ्ठी पुन्हा चिकटवू नये.

माट्झेनंतर दोन वर्षांनी, १९२३ मध्ये, चित्रकार कांडिन्स्कीला त्यानं दोन पत्रं लिहिली. दोघांची दोस्ती जुनी. कांडिन्स्की तेव्हा वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत होता आणि शोनबर्गनं तिथं यावं असं त्याच्या मनात होतं. शोनबर्गच्या कानावर आलं होतं की तिथं यहुद्यांबद्दल वाईटसाईट बोललं जातं. तुझी गोष्ट वेगळी, तू आमचाच, असा एकूण सूर. ही सवलत त्यानं धुडकावली. मी आता जर्मन नाही, युरोपीय नाही, मी यहुदी आहे, हे शिकवलंत ते मी शिकलो, असा त्या पत्रांचा आशय आहे. पुढं तो विचारतो की या द्वेषाचा शेवट मारहाण आणि हिंसेत होणार नाही तर कशात होणार? पत्रात हिटलरचं नावही आहे. साल १९२३ हे लक्षात असू द्या.

‘मी यहुदी आहे’ म्हणणं एक, आणि म्हणजे काय हे कळणं दुसरं. संगीतकारापुढं एक सोपी वाट होती. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला अर्नेस्ट ब्लॉक हा त्याच्याच पिढीचा. त्यानं १९१६ मध्ये ‘शेलोमो’ पूर्ण केलं. शेलोमो म्हणजे राजा सॉलोमन, आमचे हजरत सुलेमान. त्यात चेलो हे सॉलोमनचं तोंड, आणि त्याच्याभोवती अवघा वाद्यवृंद लाटांसारखा उसळतो. त्या चेलोच्या मींडेत, त्याच्या हुंदक्यात पूर्वेकडचा रंग आहे, आपल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो. मला ती रचना आवडते. पण शोनबर्ग तिकडं वळला नाही. यहुदी असणं म्हणजे विशिष्ट हुंदका नव्हे, असं त्याचं मत असावं. त्यानं धर्माच्या वेशीवरचं काही न घेता थेट गाभाऱ्यात हात घातला. जो ईश्वर एकच आहे, दिसत नाही, ज्याची प्रतिमा करता येत नाही, त्याच्याबद्दल कलावंतानं बोलायचं कसं?

इथून मग ‘मोझेस आणि आरोन’. मजकूर त्यानं स्वतः लिहिला, जर्मन भाषेत. १९३० ते १९३२ या काळात दोन अंकांचं संगीत झालं, दुसऱ्या अंकाचा शेवट त्यानं बार्सिलोनात मुक्कामाला असताना लिहिला. मूळ जर्मन नावात आरोनचा एक ‘अ’ त्यानं गाळला. कारण पूर्ण लिहिलं तर नावातली अक्षरं तेरा होतात!

गोष्ट तुम्हांला माहीत आहे. जळत्या झुडपातून मोझेसला हाक येते : जा, आपल्या लोकांना मिसरमधून सोडव. मोझेस म्हणतो, मला बोलता येत नाही. तेव्हा भाऊ आरोन त्याचं तोंड होईल असं ठरतं. कुराणातही सूरह ताहामध्ये मूसा अल्लाहजवळ मागणं मागतात की माझ्या जिभेची गाठ सोड आणि माझा भाऊ हारून याला माझ्या सोबतीला दे. आमच्याकडे लहान मुलं परीक्षेला जाताना ही दुआ पुटपुटतात. म्हणजे जीभ अडखळणं ही पैगंबराची खूण, हे आम्हांला घरातच ठाऊक असतं.

शोनबर्गनं या गाठीचं काय केलं? ऑपेरा म्हणजे सगळी गाणारी माणसं. त्यात त्यानं मोझेसला गाणंच दिलं नाही. मोझेस बोलतो, चढउतारांनी, लयीत, पण बोलतो. साऱ्या ऑपेरात एका ओळीपुरती त्याला गायची मुभा आहे. आणि आरोन? आरोन हा गोड गळ्याचा गायक. एकाला सत्य कळलेलं आहे, पण सूर नाही. दुसऱ्याकडे सूर आहे, आणि सुराच्या ओघात सत्य थोडं थोडं बदलत जातं. झुडपातल्या ईश्वराचा आवाजही एकाचा नाही. सहा गायक आणि त्यांच्यासोबत बोलणारा समूह, काही गातात, काही बोलतात, एकाच वेळी. तो आवाज ऐकताना तोंडं दिसत नाहीत, आणि शब्द कुठून येतात ते कळत नाही. यापेक्षा चांगली युक्ती मला तरी सुचली नसती.

लोकांना न दिसणारा देव कळत नाही. आरोन चमत्कार दाखवतो, काठीचा साप होतो, पाण्याचं रक्त होतं, लोक मागून चालू लागतात. मोझेस डोंगरावर जातो, चाळीस दिवस येत नाही. लोक खवळतात. मग आरोन त्यांना सोन्याचं वासरू देतो. त्याभोवतीचा नाच म्हणजे या ऑपेरातला सगळ्यांत झगमगीत, दणदणीत भाग, त्यात नाच आहे, दारू आहे, बळी आहेत. आणि गंमत ही की सबंध ऑपेरा बारा स्वरांच्या एकाच ओळीतून उभा केलेला आहे. झुडपातला ईश्वर आणि सोन्याचं वासरू, दोन्ही त्याच ओळीचे. ही गोष्ट कानाला कळत नाही, पण एकदा समजली की डोक्यातून जात नाही.

कुराणात एक मोठा फरक आहे आणि तो मला इथं सांगितलाच पाहिजे. बायबलमध्ये वासरू घडवतो तो आरोन. कुराणात ते काम सामिरी नावाच्या माणसाचं आहे. हारून लोकांना अडवू पाहतात. मूसा परत येऊन रागानं भावाची दाढी धरतात, तेव्हा हारून सांगतात की लोकांत फूट पाडलीस असं तू म्हणशील, याची मला भीती वाटली. म्हणजे आमच्या कथेतले हारून निर्दोष आहेत. शोनबर्गचा आरोन निर्दोष नाही, पण बदमाशही नाही, आणि म्हणून तो मला जवळचा वाटतो. तो लोकांवर प्रेम करतो. भुकेल्या, भेदरलेल्या माणसांना धरायला काहीतरी हवं, एवढंच त्याचं म्हणणं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी दोघे भाऊ समोरासमोर येतात. मोझेसच्या हातात आज्ञा कोरलेल्या पाट्या आहेत. तो म्हणतो, तू प्रतिमा केलीस. आरोन उलट विचारतो, मग तुझ्या हातातल्या या पाट्या काय आहेत? त्याही प्रतिमाच. मोझेसकडे उत्तर नाही. तो पाट्या फोडून टाकतो.

मराठीत कवितेबद्दल बोलताना आपण जो शब्द सारखा वापरतो, तो हाच : प्रतिमा. अमक्याच्या कवितेतल्या प्रतिमा ताज्या आहेत, तमक्याच्या शिळ्या झाल्या. देवळातल्या मूर्तीलाही आपण प्रतिमा म्हणतो. आमच्या घरात भिंतीवर चित्र नसे, आणि मी मात्र वहीत प्रतिमांमागून प्रतिमा लिहीत असे. या दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखानं नांदत होत्या, त्यांची गाठ मी कधी घालून दिली नव्हती. शोनबर्गनं ती घालून दिली. कवी कितीही निराकाराबद्दल बोलला तरी तो आरोनच असतो, पेशाच तसा. आणि मोझेसनं कवी व्हायचं ठरवलं तर त्याच्याकडे फोडलेल्या पाट्यांखेरीज काय उरणार?

सगुण-निर्गुणाचं नाव तुमच्या ओठांवर आलं असेल. माझ्याही आलं होतं. पण आपल्या संतांनी हे भांडण मिटवून टाकलं आहे. त्यांच्या लेखी दोन्ही एकाचीच रूपं. विटेवरच्या सावळ्याकडे बघत निर्गुणाचं बोलता येतं, तिथं कुणी पाट्या फोडत नाही. शोनबर्गच्या परंपरेत ही तडजोड नाही. तिथं जखम उघडी आहे. दुसरा अंक संपतो तेव्हा आपल्यापाशी शब्द नाही असं कळवळून म्हणत मोझेस जमिनीवर कोसळतो, आणि व्हायोलिन्स सगळी मिळून एकच सूर लांबवत राहतात. तिसऱ्या अंकाचा मजकूर लिहिलेला आहे. बेड्या घातलेला आरोन मोकळा होतो आणि मरून पडतो, मोझेस जिंकतो. त्याला संगीत नाही. पुढची एकोणीस वर्षं शोनबर्ग करतो करतो म्हणत राहिला. अडचणी होत्याच. पण मला वाटतं, आरोन मेल्यावर गाणार कोण, हीदेखील एक अडचण असावी. बहुतेक ठिकाणी हा ऑपेरा दुसऱ्या अंकावरच थांबवतात आणि तेच बरं करतात.

या काळात बाहेर काय चाललं होतं? शोनबर्ग बर्लिनच्या प्रशियन कला अकादमीत प्राध्यापक होता. १ मार्च १९३३ रोजी अकादमीच्या बैठकीत अध्यक्षांनी जाहीर केलं की यहुद्यांचा प्रभाव मोडायचा आहे. शोनबर्ग उठून निघून गेला. मे महिन्यात त्यानं बर्लिन सोडलं, आणि २४ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या एका सिनेगॉगमध्ये रीतसर यहुदी धर्मात परत आला. साक्षीदारांमध्ये चित्रकार मार्क शगाल होता. धर्मशास्त्राप्रमाणे या सोहळ्याची गरजच नव्हती म्हणतात. यहुदी जन्मला तो यहुदीच. तरी त्यानं कागद केला. माट्झेला एक कागद दाखवायचा त्यानं नाकारला होता, आता दुसरा मागून घेतला.

याच लाटेनं एक माणूस आपल्याकडेही आणून सोडला. बर्लिनला शिकलेला, कार्ल्सबाडचा तरुण यहुदी संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ साली मुंबईत उतरला. १९३७ ते १९४६ तो मुंबईच्या रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळत होता. सकाळी प्रसारण सुरू होताना तानपुऱ्यावर व्हायोलिनची जी धून आपण वर्षानुवर्षं ऐकली, तिचं श्रेय सर्वसाधारणपणे त्याला दिलं जातं. शोनबर्गनं तानपुरा बाजूला ठेवला आणि कॉफमनला तो इथं सापडला, असं म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत शोनबर्गला सुख लागलं असं नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवलं, सत्तराव्या वर्षी तुटपुंज्या पेन्शनवर निवृत्ती. ‘मोझेस आणि आरोन’ पुरा करायला म्हणून गुगेनहाइम फाउंडेशनकडे मदत मागितली, ती १९४५ मध्ये नाकारली गेली. याच काळात युरोपातल्या यहुद्यांना वाचवण्याच्या योजना तो झपाटल्यासारखा लिहीत होता. १९३८ च्या एका योजनेत लोकशाहीबद्दल फारसा आदर दिसत नाही, सगळ्यांनी एका आवाजात बोलावं असा हट्ट आहे. ज्यानं झुडपातल्या ईश्वराला इतके आवाज दिले, त्यानं माणसांकडून एकच मागावा, हे मला पटत नाही. पण घर जळत असताना केलेला तो आरडाओरडा आहे, हेही विसरता येत नाही.

१९३८ मध्येच एका रब्बीच्या सांगण्यावरून त्यानं ‘कोल निद्रे’ रचलं. योम किप्पूर हा यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, आपल्या कोकणातले बेने इस्रायलीही तो पाळतात. त्याच्या आदल्या संध्याकाळी हे म्हणतात. देवासमोर घेतलेले नवस, शपथा आम्ही मागं घेतो, असा त्याचा अर्थ. शोनबर्ग प्रथम बिचकला. घेतलेली शपथ मोडायची परवानगी कशी? मग त्यानं त्यात स्पेनमधल्या यहुद्यांची कहाणी वाचली. जबरदस्तीनं ख्रिस्ती झालेल्यांना परत येता यावं म्हणून ही प्रार्थना. इतिहासकार सांगतात की प्रार्थना त्याहून कितीतरी जुनी आहे. पण १८९८ ला गेलेल्या आणि १९३३ ला परतलेल्या माणसाला हाच अर्थ का भिडला, हे सांगायला इतिहासकार नको. ४ ऑक्टोबर १९३८ रोजी ते प्रथम म्हटलं गेलं. महिन्याभरानं, ९ नोव्हेंबरच्या रात्री, जर्मनीत सिनेगॉग पेटवले गेले.

आणि १९४७ मध्ये, महायुद्ध संपल्यावर, ‘वॉर्साहून वाचलेला’. जेमतेम सात मिनिटांची रचना. एक जण इंग्रजीत हकीकत सांगतो. मधेच जर्मन सार्जंट ओरडतो, जर्मनमध्ये. कैद्यांना मारून उठवलेलं आहे, गॅसच्या खोलीत किती पाठवायचे त्याची मोजदाद चालली आहे. आकडे भरभर होत जातात, आणि एकाएकी ही माणसं हिब्रूमध्ये ‘शेमा’ गाऊ लागतात, ईश्वर एकच असल्याची ग्वाही. यहुदी मरताना ती म्हणतात. आमच्यात कलमा म्हणतात तसंच. तीन भाषा आहेत या सात मिनिटांत. शोनबर्गची मातृभाषा जर्मन. ती इथं सार्जंटच्या तोंडी आहे.

पहिला प्रयोग न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की या लांबच्या गावी झाला, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, हौशी गायकांना घेऊन. वाद्यवृंदाचा संचालकही व्हिएन्नाहून परागंदा झालेला. संपल्यावर टाळी पडली नाही. सभागृह गप्प. तेव्हा त्यानं ती रचना पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतली, आणि दुसऱ्यांदा संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या संगीताला युरोपातली जाणकार शहरं कंटाळली होती, ते त्या लोकांनी एका संध्याकाळी दोनदा ऐकलं.

‘मोझेस आणि आरोन’ पूर्ण स्वरूपात, म्हणजे होता तेवढा, शोनबर्गला कधीच ऐकायला मिळाला नाही. त्याच्या हयातीत त्यातला एकच तुकडा सादर झाला, २ जुलै १९५१ रोजी जर्मनीत डार्मश्टाट इथं. कुठला, तर सोन्याच्या वासराभोवतीचा नाच. तो हजारो मैलांवर अंथरुणाला खिळलेला होता, अकरा दिवसांनी गेला. मागं राहिलेल्या कागदांत एक स्तोत्र निघालं. शब्द त्याचे स्वतःचे, त्यातही एक निवेदक बोलतो आणि समूह गातो. ईश्वराशी बोलण्याची आपली लायकी नाही, आणि तो ऐकतो की नाही तेही कळत नाही, असा त्याचा विषय. संगीत मध्येच तुटलेलं आहे. ज्या ओळीवर तुटलं, ती ओळ असं असूनही प्रार्थना करत राहण्याची आहे.